रेषेवरचा चौकोन

थोरलीच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं असतात. वेळेवर सांगणारी आणि 'उद्या नक्की' म्हणणारी. पहिल्या प्रकारात ती एकटीच होती.

मंगळवारी सकाळी संस्थेत येऊन तिने संगणक उघडला, तर धाकटीची चिठ्ठी. 'मॅडम, एक्स-रेचे शेवटचे आकडे अजून साफ व्हायचेत. उद्या नक्की.' थोरलीने मागच्या चिठ्ठ्या मोजल्या. हा सहावा उद्या होता. पहिल्या उद्याला दुरुस्तीची फाइल यायची होती. दुसऱ्याला यंत्र बंद होतं. तिसऱ्याला धाकटीची दाढ दुखत होती, आणि त्या दाढेबद्दल घरच्या दातांच्या डॉक्टरला, म्हणजे थोरलीच्याच नवऱ्याला, विचारलं तर तो 'हं, दाढ' एवढंच म्हणून पेपरात शिरला होता. बाकीच्या तीन उद्यांना कारणं द्यायचेही कष्ट धाकटीने घेतले नव्हते.

आणि गुरुवारी अकरा वाजता थोरलीला भरल्या सभागृहात उभं राहायचं होतं.

काम तसं सांगायला सोपं, करताना मात्र नाकी नऊ येतात. आकाशात काही ताऱ्यांच्या जोड्या असतात. जोडीतला एक जिवंत, दुसरा मेलेला. मेलेला असला तरी त्याची भूक मेलेली नसते. तो जिवंत जोडीदाराचा वायू ओढून घेतो. तो वायू गरगरत खाली पडताना इतका तापतो, की त्यातून एक्स-रे निघतात. आणि घास घेता घेता हा अधाशी थोडा ऐवज फवाऱ्यासारखा बाहेरही फेकतो, त्या फवाऱ्यातून रेडिओ लहरी येतात. म्हणजे एक्स-रेवरून कळतं खाल्लं किती, आणि रेडिओवरून कळतं थुंकलं किती. खाणं वाढलं की थुंकणंही वाढतं, पण त्याच पटीत नाही. एक्स-रे दहापट झाले तर रेडिओ साधारण चौपट होतो. कागदावर आडवे एक्स-रे आणि उभा रेडिओ मांडला, तर ठिपके एका तिरक्या रेषेवर येऊन बसतात.

या रेषेपायी थोरलीने अकरा वर्षं घातली होती. एकेक ठिपका मिळवायचा म्हणजे जमिनीवरच्या अँटेनांनी आणि वर फिरणाऱ्या उपग्रहाने एकाच दिवशी त्याच ताऱ्याकडे बघायला हवं, कारण या ताऱ्यांचा मूड दिवसागणिक बदलतो. आज रेडिओ आणि परवा एक्स-रे असं चालत नाही. असे एकशे सत्तावीस ठिपके तिने जमवले होते, आणि प्रत्येकामागे कुणाच्या तरी मागे लागणं, कुणाच्या तरी नावाने बोटं मोडणं, आणि दोनतीन न पाठवलेली रागीट पत्रं होती.

मेलेला तारा दोन जातींचा असू शकतो. एक कृष्णविवर, ज्यात पडलेलं सगळं गडप. दुसरा न्यूट्रॉन तारा, लहानसा पण घट्ट, पक्क्या जमिनीचा गोळा. थोरलीच्या आलेखात कृष्णविवरं म्हणजे गोल ठिपके, वरच्या रेषेवर. न्यूट्रॉन तारे म्हणजे चौकोन, खाली, कारण तेवढंच खाऊन ते रेडिओत जवळजवळ वीसपट कमी बोलतात. एखादा नवा तारा अचानक पेटला, की आत कोण बसलंय ते ठरवायला बाकीच्यांना वर्षं लागतात. थोरली तीन दिवस रेडिओ घ्यायची, धाकटीकडून तीन दिवसांचे एक्स-रे घ्यायची, आणि सांगून टाकायची. नऊ वेळा सांगितलं, नऊ वेळा बरोबर निघालं.

दहावा हा होता. सात आठवड्यांपूर्वी पेटला. यादीतलं त्याचं नाव टेलिफोन नंबरापेक्षा लांब, म्हणून सगळे त्याला पाहुणा म्हणायचे. दुसऱ्याच आठवड्यात थोरलीने जाहीर केलं होतं, पाहुणा कृष्णविवर आहे. ठिपका अगदी रेषेवर बसला होता, पाटावर बसावा तसा. आता पाहुणा विझत आला होता, शेवटचा एक ठिपका तेवढा हवा होता, आणि गुरुवारच्या व्याख्यानानंतर संस्था ठरवणार होती, की इथून पुढे प्रत्येक नव्या ताऱ्याची जात थोरलीच्या रेषेवरूनच लावायची. अकरा वर्षांची रेषा गुरुवारी संस्थेची पद्धत होणार होती. आणि धाकटीचं आपलं, उद्या नक्की.

यात दुसऱ्या कुणाला दोष द्यायचीही सोय नव्हती. धाकटीला घरात थोरलीनेच आणलं होतं. सहा वर्षांपूर्वी एक्स-रेच्या मजल्यावर ही नवी मुलगी आली, कामाला चोख, बोलायला मऊ. थोरलीने एकदा जेवायला बोलावलं. जेवायला धाकटा दीर होता, शाळेत पोहायला शिकवायचा, त्याने त्या दिवशी तीन वेळा आमटी वाढून घेतली आणि एकदाही खाली बघितलं नाही. वर्षभरात मुलगी जाऊ झाली. एकाच जिन्यावर समोरासमोर दोन घरं, मध्ये सासरे, जे सकाळचा चहा धाकटीकडे घ्यायचे आणि संध्याकाळचा थोरलीकडे. तेव्हापासून धाकटी संस्थेत मॅडम म्हणते आणि जिन्याच्या अलीकडे ताई. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं थोरलीला आता अधूनमधून वाटायचं.

दुपारी दोन वाजता तिचा धीर संपला. ती दोन जिने उतरून एक्स-रेच्या मजल्यावर गेली. धाकटीची खुर्ची रिकामी होती. टेबलावर अर्धा कप चहा, वर साय धरलेली.

"घरी गेल्या," संगणक खोलीतला तंत्रज्ञ म्हणाला. "दाढेचं काहीतरी."

"अजून ती दाढच चाललीये? बरं, पाहुण्याचे आकडे कुठवर आलेत?"

"पाहुण्याचे?" तंत्रज्ञाने चष्मा कपाळावर चढवला. "ते तर केव्हाच झाले. मागच्या रविवारी येऊन बसल्या होत्या त्या. सुट्टीच्या दिवशी मला किल्ली घेऊन यावं लागलं, म्हणून लक्षात आहे."

"मागच्या म्हणजे परवाच्या?"

"नाही, त्याच्या आधीच्या. नऊ दिवस झाले."

 तिथेच तोंड उघडलं असतं तर त्या बिचाऱ्याला विनाकारण ऐकावं लागलं असतं, एवढं भान थोरलीला होतं. ती जिना चढून वर आली, पर्स उचलली, आणि बसमध्ये उभ्याने सगळा रस्ता मनातल्या मनात भांडत घरी पोचली. नऊ दिवस! नऊ दिवस आकडे तयार, आणि समोरासमोरच्या दारात राहून, रोज सकाळी जिन्यात 'ताई, निघालात?' विचारून, ताकास तूर लागू दिली नाही. तिने धाकटीसाठी सात वाक्यं तयार केली. सातवं फारच चांगलं जमलं होतं.

घरात सासरे संध्याकाळच्या चहाची वाट बघत बसले होते. ते वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. दुकानादुकानात जाऊन तराजू तपासण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे अजूनही फळं घेताना ते फळांऐवजी काट्याकडे बघत.

"लवकर आलीस," ते म्हणाले.

"येऊ नको तर काय करू? नऊ दिवस, बाबा. नऊ दिवस तिच्याकडे आकडे पडून आहेत आणि मला सांगतेय अजून साफ व्हायचेत. मी आता जाते आणि विचारतेच, की बाई, माझ्यावर कसला सूड उगवतेयस."

सासऱ्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "म्हणजे सांगितलं का तिने शेवटी? बरं झालं. स्फोटाचं ओझं झालं होतं गं पोरीला."

थोरलीने चहाचं पातेलं गॅसवर ठेवता ठेवता परत ओट्यावर ठेवलं.

"कसला स्फोट?"

सासऱ्यांनी डोळे मिटले. खोटं माप पकडलेल्या दुकानदाराचा चेहरा कसा होतो, ते त्यांनी उभा जन्म पाहिलं होतं. तो चेहरा आता त्यांचाच झाला होता.

"बाबा. कसला स्फोट?"

"ते मला नीट सांगता येणार नाही," ते म्हणाले. "मला एवढंच कळलं, की ज्याला जमीन नाही त्याच्यावर चूल पेटत नाही. आणि तुझ्या पाहुण्यावर पेटली."

थोरलीला तेवढं पुरलं. तिच्या पायाखालची वाळूच सरकली. ती स्टुलावर बसली, आणि तिची सातही वाक्यं, चांगलं जमलेल्या सातव्यासकट, कुठे गेली ते तिला कळलं नाही.

सासऱ्यांनीच जाऊन समोरचं दार वाजवलं. धाकटी आली ती लॅपटॉप छातीशी धरूनच. बहुधा नऊ दिवस तो असाच तयार होता. दाढ ठणठणीत दिसत होती.

"दाखव," थोरली म्हणाली.

धाकटीने दाखवलं. आडव्या काळ्या रेघेसारखे दोन तासांचे एक्स-रे, थोडेसे थरथरणारे, आणि मध्येच एक सुळका. एका सेकंदात आठपट वर, मग वीसेक सेकंदांत हळूहळू खाली. "उतरताना रंग बदलतो बघा ताई. तवा गॅसवरून उतरवल्यावर गार होत जातो, तसा. म्हणजे खाली पृष्ठभाग आहे. त्यावर साचलेला वायू पेटला आणि मग विझला." तिने दुसरं चित्र काढलं, मग तिसरं. "असे तीन आहेत. पहिला अगदी पहिल्याच आठवड्यातला."

"पहिल्या आठवड्यातला? मग मी जाहीर केलं तेव्हा तू झोपली होतीस का?"

"तेव्हा तो दिसलाच नव्हता. साफ करताना कापला जातो."

"असा कसा कापला जातो? कुणी सांगितलं कापायला?"

 सासरे उठून खिडकीशी गेले आणि बाहेर फार महत्त्वाचं काही चाललंय असं बघू लागले.

"कुणी सांगितलं म्हणते मी?"

"तुम्हीच, ताई," धाकटी म्हणाली. "मी नवीन होते तेव्हा. तुम्ही म्हणालात, मला दिवसाचा एकच सरासरी आकडा दे, हे मध्येमध्ये उठणारे सुळके छाटून दे, यांच्यामुळे माझा ठिपका हलतो. एका मिनिटाच्या आत उठून खाली बसणारं सगळं कचऱ्यात. सहा वर्षं तसंच चाललंय. त्या रविवारी मी सहज कचऱ्याची टोपली उघडून बघितली."

थोरलीला ते आठवलं. अगदी खोली, खिडकी आणि आपला आवाज यांच्यासकट आठवलं. 'मला कटकट नको, आकडा दे,' असं ती म्हणाली होती. वर टेबलावर बोटही आपटलं होतं.

माणसाला आपली चूक सापडली की त्याचा राग निवतो, असं सांगणारे उंटावरचे शहाणे असतात. थोरलीचा राग दुप्पट झाला, कारण आता तो ठेवायला जागा उरली नव्हती.

"ठीक आहे. नियम माझा. पण नऊ दिवस तोंडाला कुलूप लावायचा नियम कुणाचा? तोही मीच केला होता?"

तेवढ्यात नवरा दवाखान्यातून आला. दारातच त्याने तिघांचे चेहरे बघितले आणि बूट न काढताच उभा राहिला.

"तुलाही माहीत होतं," थोरली म्हणाली.

"घरात एक्स-रे काढणारा खरा माणूस मी," तो म्हणाला. ही त्याची नेहमीची थट्टा. आज ती कुणी झेलली नाही, म्हणून त्याने बूट काढले. "हो. माहीत होतं. मीच म्हणालो, गुरुवार होऊ दे."

"गुरुवार होऊ दे? म्हणजे मी दोनशे लोकांसमोर उभी राहून खोटं बोलले असते, आणि तुम्ही सगळे घरी अळीमिळी गुपचिळी करून बसला असतात?"

"मी मागच्या बुधवारीच सांगणार होते," धाकटी म्हणाली. "खरंच. भाऊजी म्हणाले रविवारी सांग. मग म्हणाले तुमची झोप झालेली नाही. मग म्हणाले सकाळी नको, जेवणानंतर सांग. मग जेवणानंतर तुम्ही त्या वीजवाल्याशी फोनवर भांडत होतात."

"म्हणजे मला काही सांगायची वेळ ठरलेली आहे?"

 थोरलीने एकेकाकडे पाहिलं. जेवणानंतर. सुट्टीच्या दिवशी. शक्यतो नवऱ्यामार्फत. आधी काहीतरी गोड बोलून. तिला एकदम गेल्या दोन वर्षांतल्या कितीतरी रविवारच्या दुपारी आठवल्या, नवरा उगीचच जवळ येऊन बसायचा त्या.

"दोन वर्षांपूर्वी मी सभेत सांगितलं, की तुमच्या दोन ठिपक्यांत रेडिओ एका दिवसाचा आणि एक्स-रे दुसऱ्याच दिवसाचे जोडलेत," धाकटी हळूच म्हणाली. "तुम्ही अकरा दिवस माझ्याशी बोलला नाहीत."

"बोलले नाही कसं? बोलत होते."

"माझ्यामार्फत," सासरे खिडकीतून न वळता म्हणाले. "मीठ संपलंय, हे सांगायला मी जिना ओलांडायचो. या वयात."

"ठिपके चुकलेच होते ना पण? मी ते दुरुस्त केले."

"बाराव्या दिवशी," धाकटी म्हणाली.  "दुरुस्त केलेत तुम्ही, कुणी नाही म्हणत नाही. पण मधले अकरा दिवस मी रोज सकाळी जिन्यात उभी राहून तुमच्या दाराचा आवाज ऐकायचे, आणि तुम्ही गेलात की मग निघायचे. मला परत तसं नको होतं. ताऱ्याचं काय, तो काही कुठे जात नाही."

सासरे खिडकीपासून परत आले आणि खुर्चीत बसले. "खोटं माप सापडलं की आम्ही दुकानदाराच्या डोळ्यांदेखत फोडायचो," ते म्हणाले. "जागच्या जागी. पण ते घरातच सापडलं तर काय करायचं, हे काही खात्याने शिकवलं नव्हतं."

चहा त्या दिवशी कुणीच केला नाही.

बुधवारी थोरलीने रजा घेतली नाही. उलट ती सर्वांच्या आधी संस्थेत पोचली आणि तिने पाहुण्याला रेषेवरून उठवायचा दिवसभर प्रयत्न केला. आधी तिने अंतर तपासलं. तारा आपण समजत होतो त्याहून जवळ असेल, तर त्याचे एक्स-रेही कमी धरावे लागतात आणि रेडिओही, दोन्ही एकाच पटीत, आणि ठिपका रेषेच्या खाली घसरतो. किती जवळ आणला म्हणजे खालच्या चौकोनांत जाऊन बसेल, ते तिने काढलं. चाळीसपट. चाळीसपट जवळ म्हणजे तो पार शेजारच्या ताऱ्यांच्या पंगतीत आला असता. तिने तो कागद चुरगळला. मग तिने तिथे भलताच कुणी रेडिओ पाठवत नाही ना, हे बघितलं. एखादी मागची दूरची दीर्घिका नेमकी त्याच जागी असली तर? पण एक्स-रे उतरले त्या त्या दिवशी रेडिओही उतरला होता, अगदी एकाच्या तालावर दुसरा. मागच्या दीर्घिकेला काय पडलंय पाहुण्याच्या भुकेचं? मग तिने आपल्याच अँटेनांचा हिशोब पुन्हा लावला, चूक सापडावी अशी मनापासून इच्छा धरून. चूक सापडली नाही. इतकी वर्षं ती चोख काम करत आली होती, आणि आज नेमकं त्याचंच तिला वाईट वाटलं.

दुपारी चारला तिने मान्य केलं. पाहुणा न्यूट्रॉन तारा होता आणि कृष्णविवराच्या रेषेवर बसला होता. म्हणजे एक ताराच चुकला असं नव्हे. रेषा खरी होती, एकशे सत्तावीस ठिपके खरे होते, खाणं आणि थुंकणं यांचं नातं खरं होतं. पण रेषेवर बसला म्हणून कृष्णविवर, हे जे ती गेली कित्येक वर्षं छातीठोकपणे सांगत होती, ते खरं नव्हतं. न्यूट्रॉन ताराही कधीकधी तितक्याच मोठ्याने बोलतो, आणि असे आणखी किती आपल्याच आधीच्या गोलांमध्ये गोल बनून बसलेत, ते आता तिलाही सांगता येत नव्हतं. नऊ वेळा बरोबर आलं यात तिची पद्धत किती आणि तिचं नशीब किती? सगळं मुसळ केरात गेलं होतं.

तिला रडू आलं. ते आलं याचा तिला आणखी राग आला, आणि नाक पुसून तिने आलेख उघडला. पाहुण्याचा गोल तिने खोडला आणि त्याच जागी चौकोन काढला. एवढ्याशा कामाला दोन सेकंद लागले.

मग तिने धाकटीला दोन ओळींची चिठ्ठी पाठवली. 'तिन्ही सुळक्यांची चित्रं उद्या बरोबर आण. तू दाखवणार आहेस, मी नाही.' खाली काहीतरी गोड लिहावं, असं तिला वाटलं. पण काय लिहावं ते सुचेना, म्हणून तिने तशीच पाठवली. त्या संध्याकाळी घरी दोन्ही दारांआड सगळे इतके जपून वावरत होते, की जणू कुणी आजारी आहे.

गुरुवारी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत संचालक, पाय लांब करून. थोरलीने वीस मिनिटं रेषा समजावली. ती चांगलं बोलायची. चिडलेली असली की जास्तच चांगलं. मग तिने शेवटचा आलेख लावला. एकशे सत्तावीस जुने ठिपके, आणि वरच्या रेषेच्या बरोबर मधोमध एक लाल चौकोन. सभागृहात खुर्च्या करकरल्या.

"हा न्यूट्रॉन तारा आहे," ती म्हणाली. "पाच आठवड्यांपूर्वी मी याला कृष्णविवर म्हटलं होतं. मी चुकले. आणि नुसती या एकाबद्दल चुकले नाही. या रेषेवरून कुणाची जात ठरवता येत नाही. ज्यांनी माझ्या भरवशावर ठरवली असेल, त्यांनी पुन्हा बघावं. संस्थेने आज जे ठरवायचं योजलंय, ते ठरवू नये. पुरावा माझी सहकारी दाखवेल, तो तिने शोधलाय."

धाकटी वर आली. तिने तीनही सुळके दाखवले, थंड होत जाणारा रंग दाखवला, आणि सहा वर्षं हे सुळके कापले कसे गेले तेही सांगितलं. फक्त तो नियम कुणाचा, हे तिने गिळलं. तेव्हा थोरलीने खालून, माइकशिवाय, "नियम माझा होता" असं सांगितलं, तेही जरा खेकसूनच.

संचालकांनी पाय जवळ घेतले. "काम उत्तम आहे," ते म्हणाले. "पण एक कळत नाही. आठ दिवसांपूर्वी आम्ही बाहेरच्या तीन दुर्बिणींना कृष्णविवर म्हणून याच ताऱ्यावर वेळ द्यायला सांगितलं. त्यांचा वेळ वाया गेला. हे स्फोट तुम्हाला सापडले कधी?"

प्रश्न धाकटीला होता. धाकटीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याआधी वळून थोरलीच्या चेहऱ्याकडे बघितलं.

एक क्षणच. पण थोरली व्यासपीठाच्या पायरीशी, तीन हातांच्या अंतरावर उभी होती आणि तिला ते बघणं स्पष्ट दिसलं. मागे मोठ्या पडद्यावर ताऱ्याचा सुळका होता, दोनशे माणसं समोर होती, आणि ही बाई थोरलीच्या भुवया वाचत होती. सवयीने, सफाईने, जसं घरातलं प्रत्येक माणूस रोज वाचत असणार. थोरलीला वाटलं, हिने सहा वर्षांत आकाशाकडे जितकं बघितलं नसेल, तितकं माझ्या तोंडाकडे बघितलं असेल.

तिने धाकटीच्या हातातून माइक घेतला.

"तिला अकरा दिवसांपूर्वी सापडले," ती म्हणाली. "मला परवा कळले. मधले नऊ दिवस ती गप्प राहिली, कारण तिला माझी भीती वाटत होती. माझ्या घरात सगळ्यांनाच वाटते. त्या दुर्बिणींचा वेळ माझ्यामुळे वाया गेला, तिच्यामुळे नाही. तसं लिहून घ्या."

 संचालकांनी वहीत खरंच काहीतरी लिहिलं. धाकटी अजून तिच्याकडेच बघत होती, आणि आता तर तिचे डोळे भरून आले होते. म्हणजे पुढचं सगळं भाषण पाण्यात जाणार, हे थोरलीला दिसतच होतं.

"आता माझ्याकडे काय बघत बसलीयेस," ती माइक परत देत म्हणाली. तिला ते हळू म्हणायचं होतं, पण माइक चालू होता. "पुढचं चित्र लाव."